रुसलेला हीटर

दोस्तांनो, जळगावहून भुसावळकडे निघालात की दहाएक किलोमीटरवर नशिराबाद लागतं. मे महिन्यात या भागातून गेला असाल, तर गाडीच्या पत्र्याला हात लावून चटका बसल्याचं तुम्हाला आठवत असेल. पारा पंचेचाळीसच्या घरात! अशा गावात बसून आज आपण बोलणार आहोत ते कशावर, तर हीटरवर. हसू नका. खान्देशात थंडीही पडते बरं का! डिसेंबर-जानेवारीत रात्री इतका गारठा पडतो की केळीवाले शेतकरी पहाटे बागेच्या बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. थंडीने केळीची वाढ खुंटते, म्हणून ही धडपड. बागेला थंडी वाजते, तर माणसाला वाजणार नाही का?

आज आपण एक खेळ खेळू या. गाडी मनातली, माणसं मनातली. पण बिघाड मात्र अगदी खरे. जगभरच्या जुन्या गाड्यांमध्ये हेच बिघाड पुन्हा पुन्हा होतात. ते शोधायचे तुम्ही. हत्यार एकच, तुमचं डोकं!

चालतं-बोलतं घर

नशिराबादवरून जाणारा रस्ता साधासुधा नाही. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघून धुळे, जळगाव, नागपूर, रायपूर करत थेट कोलकात्याला जाणारा हा जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक द्यायचं ठरलं, तेव्हापासून इथला रस्ता ५३ नंबरचा झाला. रस्त्याच्या कडेला पंक्चरवाले, चहावाले आणि गॅरेजं. त्यातल्याच एका गॅरेजपाशी तुम्ही संध्याकाळी उभे आहात, असं समजा.

तेवढ्यात एक जुनी व्हॅन धापा टाकत येऊन थांबते. आकाराने जुन्या मॅटॅडोरएवढी. खिडक्यांना पडदे आहेत! आत डोकावलं तर काय, दोन माणसांचा पलंग, छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, कपाट. हे चाकांवरचं घर. याला म्हणतात मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन. परदेशात ती पुष्कळ दिसते. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं.

गाडीतून एक आजोबा आणि आजी उतरतात. पुण्याहून निघालेत, अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला दोन रात्री काढल्यात, आता रावेर, बऱ्हाणपूरवरून पचमढीला जायचंय. पचमढी म्हणजे सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. डिसेंबरात तिथे दात वाजतात.

“उस्ताद,” आजोबा म्हणतात, “गाडीचा हीटर रुसलाय. काल रात्री नुसते कुडकुडलो. पचमढीला तर आमची कुल्फी होईल!”

गॅरेजचे उस्ताद हात पुसत येतात. आता तुम्हाला वाटेल, ते पाना-पेचकस घेऊन गाडीखाली शिरणार. छे! ते स्टूल ओढून बसतात आणि विचारतात, “काका, आधी सगळं सांगा. केव्हा बंद पडतो? कसा बंद पडतो? त्याआधी काय झालं होतं?”

इथेच पहिला धडा. हत्यार उचलण्याआधी प्रश्न विचारायचे. डॉक्टर नाही का, आधी “काय होतंय?” असं विचारतात आणि मगच नाडी बघतात!

एका गाडीत दोन हीटर

उस्तादांच्या प्रश्नांमधून पहिली गोष्ट कळते ती ही, की गाडी चालू असताना आत छान ऊब असते. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि रात्रीचा हीटर लावला की मग घोटाळा.

याचा अर्थ काय? याचा अर्थ गाडीत हीटर एक नाही, दोन आहेत.

पहिला हीटर इंजिनाच्या जिवावर चालतो. डिझेल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच गाडी पळवायला लागतो. बाकीची उष्णता होऊन जाते. त्यातली काही उष्णता इंजिनाभोवती फिरणारं पाणी वाहून नेतं. तुमच्या घरी शेती असेल, तर आजोबांना विचारा. पूर्वी विहिरीवर डिझेल इंजिन असायचं. इंजिनाला थंड करून बाहेर पडणारं पाणी चांगलं कोमट असायचं आणि थंडीत मळ्यातली माणसं त्यानेच अंघोळ करायची! गाडीत तेच गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवतात आणि पंखा त्यावरून वारा सोडतो. झाला हीटर. तो आजोबांच्या गाडीत ठीक चालतोय. म्हणजे निम्मी गाडी आपण जागेवर बसून तपासली!

दुसरा हीटर गॅसवर चालतो. तो समजायला फार सोपा आहे, कारण त्याचा मोठा भाऊ तुम्ही पाहिलेला असेल. कोणता? अंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंब!

बंबात काय असतं? मधोमध नळी, नळीत जाळ, नळीभोवती पाणी. जाळाची ऊब तांब्याच्या पत्र्यातून पाण्याला मिळते; पण धूर पाण्यात मिसळत नाही, तो वरच्या तोंडातून निघून जातो. गाडीतल्या गॅस हीटरमध्ये पाण्याच्या जागी हवा असते. एका बंद धातूच्या पेटीत गॅस जळतो. जळायला लागणारी हवा नळीने बाहेरून येते, जळून झालेला धूर दुसऱ्या नळीने बाहेर जातो. पेटी तापते आणि पंखा तिच्याभोवतीची गाडीतली हवा फिरवतो. धूर आणि आपली हवा यांच्यामध्ये एक भिंत असते. ती भिंत लक्षात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

साखळी शोधा

“रात्री नेमकं काय होतं?” उस्ताद विचारतात.

“बटण दाबलं की पंखा फिरतो,” आजोबा सांगतात. “घर्रर्र आवाज येतो. मग काहीच नाही. थोड्या वेळाने तोही बंद.”

“पेटताना टिकटिक आवाज येतो का?”

“नाही.”

उस्ताद मान डोलावतात. त्यांना निम्मं उत्तर मिळालंय. तुम्हाला मिळालं का? बघू या.

हा हीटर एका साखळीने चालतो. पहिली कडी थर्मोस्टॅट. गाडी गार झाली की तो म्हणतो, “चला, कामाला लागा.” दुसरी कडी पंखा. तिसरी कडी मोठी मजेदार. पंख्याच्या वाऱ्यात एक हलकी पट्टी टांगलेली असते. वारा जोरात आला की ती मागे ढकलली जाते आणि एक बटण दाबलं जातं. म्हणजे पंखा खरंच नीट फिरतोय, याची ती साक्षीदार! ही साक्ष मिळाल्याशिवाय पुढे कुणी हलत नाही. चौथी कडी गॅसचा व्हॉल्व्ह आणि ठिणगी. ती टिकटिक हिचीच. पाचवी कडी ज्योत. आणि सहावी कडी ज्योतीवर नजर ठेवणारा पहारेकरी. ज्योत विझली, तर तो ताबडतोब गॅस बंद करतो.

आता बघा. पंखा फिरला, म्हणजे पहिली कडी ठीक. टिकटिक झाली नाही, म्हणजे चौथ्या कडीपर्यंत निरोप गेलाच नाही. तर मग बिघाड कुठे? दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या आसपास! सगळा हीटर खोलायची गरजच नाही.

तरीही उस्ताद एक सोपी परीक्षा घेतात. गाडीतली स्वयंपाकाची शेगडी पेटवतात. निळी, नेटकी ज्योत. त्याच सिलिंडरवर हीटर चालतो. म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस आहे आणि तो येतोय. ही शंका पहाडी मुलखात फार महत्त्वाची असते बरं! आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन या वायूंचं मिश्रण असतं. त्यातला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास द्रवच राहतो, त्याचा वायू होत नाही. म्हणून लडाखसारख्या ठिकाणी सिलिंडर भरलेला असूनही शेगडी मलूल होते. नशिराबादला एवढी थंडी नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला.

टाकी भरलेली, झाड मात्र कोरडं

“उस्ताद,” गॅरेजमधला तरुण मदतनीस म्हणतो, “ते पट्टीचं बटणच खराब झालं असेल. डायरेक्ट करून टाकू का? दोन वायरी जोडल्या की झालं!”

डायरेक्ट करणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत असेल. बटण काढून टाकायचं आणि वायरी थेट एकमेकींना जोडायच्या. पाच मिनिटांत हीटर पेटेल. आजोबा खूश होतील. पण उस्ताद एकदम कडाडतात, “पहारेकऱ्याला झोपवून चोर सापडतो का भो? तो का ओरडत नाही ते बघ आधी.”

मग ते मीटर काढतात. बॅटरी बारा व्होल्टची. चांगली भरलेली असेल आणि काही काम करत नसेल, तर मीटरवर साधारण १२.६ दिसतात. बॅटरीवर मीटर लावला, पंखा चालू केला. १२.३. ठीक आहे. आता तोच मीटर हीटरपाशी, पंख्याच्या वायरींवर लावला. १०.४! अरेच्चा! जवळजवळ दोन व्होल्ट वाटेत कुणी खाल्ले?

तुम्ही जळगाव जिल्ह्यातले असाल, तर ठिबक सिंचन तुम्हाला सांगायला नको. टाकी भरलेली असते, पण नळीत कचरा अडकला की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. विजेचंही तसंच. वाटेत कुठेतरी सांधा खराब असला की तिथे व्होल्ट खर्च होतात आणि पुढे कमी पोचतात.

वायरीचा माग काढत काढत उस्ताद गाडीच्या चासीपाशी येतात. तिथे अर्थिंगची वायर बोल्टला घट्ट बसवलेली हवी. बोल्टवर गंज, वायरीच्या टोकावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. सापडला चोर! बोल्ट सोडला, पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत केला, वायर पुन्हा आवळली. आता हीटरपाशी मीटर दाखवतो १२.१. पंख्याचा आवाज बदलतो. घर्रर्र जाऊन सूंऽऽ असा जोरकस वारा येतो. पट्टी मागे सरकते. टिक टिक टिक... आणि भप्प! हीटर पेटला!

आजोबा टाळ्या वाजवतात. मदतनीस सामान आवरायला लागतो. तुम्हीही घरी निघाला असाल.

थांबा. उस्ताद अजून जागचे हललेले नाहीत.

आजींनी सांगितलेली गोष्ट

इतका वेळ आजी गप्प होत्या. उस्ताद त्यांच्याकडे वळतात. “काकू, तुम्ही काही बोलल्या नाहीत. फर्दापूरला पहिल्या रात्री हीटर चालला होता ना? तेव्हा कसं काय वाटलं?”

“चालला की,” आजी म्हणतात. “ऊब छान होती. पण सकाळी दोघांचंही डोकं असं ठणकत होतं! यांना मळमळतही होतं. म्हटलं, प्रवासाचा शीण असेल. बाहेर फिरायला गेलो, तासाभरात बरं वाटलं.”

उस्ताद काही न बोलता हात लांब करतात आणि हीटरचं बटण बंद करतात. मग सिलिंडरही बंद करतात. गाडीचं दार, खिडक्या सताड उघडतात.

“काकू, रात्री खिडकी उघडी होती का?”

“माझ्या उशाशी चार बोटं उघडी होती. मला बंद खोलीत झोप येत नाही. हे रागावतात, म्हणतात ऊब जाते.”

“रोज उघडी ठेवा,” उस्ताद म्हणतात. “त्या चार बोटांनी तुम्हाला वाचवलं.”

दोस्तांनो, आता खरा शोध सुरू होतो. हीटर पेटत नव्हता, हा छोटा बिघाड होता. मोठा बिघाड हीटर पेटल्यावर सुरू होत होता.

उस्ताद गाडीच्या बाहेरून फिरतात. हीटरच्या धुराड्याची जाळी बाहेरच्या पत्र्यावर आहे. जाळीभोवती काळी काजळी. हीटर पेटला होता तेव्हा छोट्या काचेतून त्यांनी ज्योतही पाहून ठेवली होती. शेगडीसारखी निळी नव्हती, पिवळी आणि लवलवती होती. गॅसची ज्योत अशी पिवळी झाली, की बहुतेक वेळा तिला हवा कमी पडतेय, असं समजायचं.

हीटर थंड झाल्यावर जाळी काढतात आणि टॉर्च मारतात. आत काय असेल? सांगा बरं!

मातीचं घर! कुंभारीण माशीचं. तुमच्या घरी भिंतीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत ती ओल्या मातीचे गोळे आणून सुबक घर बांधते ना, तीच. तिला अरुंद, अंधारी जागा आवडते. गाडी अंगणात महिनोन्‌महिने उभी होती. तिला ती नळी म्हणजे तयार फ्लॅटच मिळाला! बिचारीचा काय दोष? पण त्यामुळे धूर बाहेर जायची वाट अर्धी-अधिक बंद झाली.

मग उस्ताद आतलं कपाट उघडतात. धुराड्याची नळी जिथे हीटरला जोडलेली आहे, तिथला सांधा ढिला झालाय. गॅसकेट वाळून भेगाळलंय. शेजारच्या फळीवर काजळीचा हलका पट्टा. बंबाची ती भिंत आठवते ना, धूर आणि आपली हवा यांच्यामधली? तिलाच भोक पडलेलं. बाहेर जायला वाट नाही म्हटल्यावर धूर आत येत होता.

आणि शेवटचा धक्का. गाडीच्या तळाशी, जमिनीजवळ, एक जाळीचं भोक असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीवर पसरतो. या भोकातून तो खाली पडून जावा, अशी ती सोय. त्या भोकात जुनं फडकं कोंबलेलं! “गार वारा येत होता,” आजोबा खजील होऊन म्हणतात, “म्हणून मीच...”

न दिसणारा, न कळणारा

हा कोणता धूर, ज्याने डोकं दुखतं? त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. गॅस, लाकूड, कोळसा, पेट्रोल, काहीही जळताना हवा पुरेशी मिळाली, तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या सिलिंडरमधल्या गॅसलाही खरं तर स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडमध्ये असं कोण मिसळणार? तो तर जागच्या जागी जन्मतो.

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. ते फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतं आणि शरीरभर पोचवतं. कार्बन मोनॉक्साइड या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट किंवा त्याहूनही घट्ट चिकटतो. म्हणजे बसमधल्या सगळ्या जागा एका फुकट्या टोळीने अडवून ठेवाव्यात आणि खऱ्या प्रवाशांना स्टँडवरच उभं राहावं लागावं, तसं. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, गरगरतं, झोप येते. आणि झोप लागली की माणूस उठून दार उघडू शकत नाही. म्हणून हा वायू रात्री जास्त घात करतो.

हे आपल्याला कुणी समजावलं, ठाऊक आहे? जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत स्फोट झाले की पुष्कळ खाणकामगार मरत. सगळ्यांना वाटे, ते स्फोटाच्या धक्क्याने मेले. हॉल्डेन यांनी १८९६ साली दाखवून दिलं की त्यातले बहुतेक जण कार्बन मोनॉक्साइडने गुदमरले होते. या वायूचा परिणाम कळावा म्हणून त्यांनी तो स्वतः हुंगून, काय काय होतं त्याची टिपणं ठेवली होती! (तुम्ही मात्र असलं काही करायचं नाही.) खाणीत लहान प्राणी न्यावेत, हे त्यांनीच सुचवलं. इवलासा कॅनरी पक्षी माणसाच्या आधी मान टाकी, की सगळे बाहेर पळत. ब्रिटनमधल्या खाणींत हे पक्षी १९८६ पर्यंत होते. मग त्यांची जागा यंत्रांनी घेतली.

एक गंमत सांगू? या हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन हेही मोठे शास्त्रज्ञ. लहानपणी वडिलांबरोबर तेही खाणीत उतरत. पुढे १९५७ साली ते भारतात राहायला आले, कोलकात्याला. म्हणजे नशिराबादवरून जाणारा जुना सहा नंबरचा रस्ता जिथे संपायचा, त्याच शहरात! १९६४ साली भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं.

पचमढीचं काय झालं?

उस्ताद मातीचं घर काढून नळी साफ करतात. फडकं ओढून काढतात. मग आजोबा विचारतात, “आता लावू हीटर?”

“नाही,” उस्ताद म्हणतात. “नळी साफ झाली, पण सांधा गेलेलाच आहे. ही पेटी पूर्ण खोलून, नवं गॅसकेट टाकून, गळती तपासून मगच पेटवायची. ते गॅस हीटरचं काम शिकलेल्या माणसाचं. मी गाडीचा मेस्तरी आहे, त्याचा नाही. मला येतं ते मी केलं. येत नाही ते करायला गेलो, तर तुमच्या जिवाशी खेळ.”

बघा हं, उस्तादांचं मोठेपण कशात आहे! बिघाड सापडला यात तर आहेच. पण आपल्याला काय येत नाही, हे मोकळेपणाने सांगण्यात जास्त आहे.

ते कागदाची एक चिठ्ठी लिहितात, “हीटर वापरू नये”, आणि बटणावर चिकटवतात. आजोबांना आणखी एक गोष्ट घ्यायला सांगतात. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं छोटं यंत्र मिळतं. हा वायू वाढला की ते कर्कश ओरडतं. आजच्या काळातला कॅनरीच तो!

आणि त्या रात्री? आजोबा-आजींनी गॅरेजशेजारी गरमागरम वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली, दोन दोन गोधड्या घेतल्या आणि झोपले. आजींच्या उशाशी खिडकी चार बोटं उघडी होती. या वेळी आजोबा रागावले नाहीत.

ही गोष्ट तुमच्याही घरची

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे कॅरॅव्हॅन आहे? नसू दे. पण थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपणारी माणसं तुमच्या गल्लीत असतील. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल. शटर लावून आत गाडीचं इंजिन चालू ठेवणारे असतील. या सगळ्या ठिकाणी तोच वायू तयार होऊ शकतो आणि दर हिवाळ्यात अशा बातम्या पेपरात येतात. म्हणून एवढं लक्षात ठेवा :

१. बंद खोलीत शेगडी, निखारे पेटते ठेवून कधीही झोपायचं नाही.

२. गॅस गिझर असलेल्या बाथरूमला हवा येण्या-जाण्याची वाट हवीच. डोकं दुखलं, गरगरलं की लगेच बाहेर या.

३. एकाच घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखतंय आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतंय? मग ती सर्दी-पडसं नव्हे. सगळ्यांना बाहेर काढा, मोठ्यांना सांगा, दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

४. गॅसचा वास आला तर विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, काडी ओढू नका. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर या. गॅस गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने, काडीने कधीच नाही. आणि तेही काम मोठ्यांचं.

५. कोणतंही यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर त्याचं बटण डायरेक्ट करू नका. ते रुसलंय की आपल्याला काही सांगतंय, हे आधी बघा.

करून पाहा

घरातला जुना सेलचा टॉर्च घ्या. मित्राला सांगा की त्यात गुपचूप एक बिघाड कर. एक सेल उलटा घाल, नाहीतर सेल आणि पट्टीच्या मध्ये कागदाचा कपटा सरकव, नाहीतर बल्ब थोडा सैल कर. आता तुम्ही उस्ताद व्हा. आधी प्रश्न विचारा. मग साखळी कागदावर लिहा : सेल, पट्टी, बटण, बल्ब. एका वेळी एकच कडी तपासा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्यात आणि टॉर्च लागला, तर बिघाड कशात होता ते कधीच कळणार नाही!

आणि टॉर्च लागला की उड्या मारण्याआधी क्षणभर थांबा. स्वतःला एकच प्रश्न विचारा, “अजून काही सांगायचं राहिलंय का कुणाचं?” गप्प बसलेल्या आजींना विचारायला विसरू नका.